पांढरे गुलाब, आपला पाऊस आणि (असेल तेवढी) थंडी

गच्चीवरची
गुलाबवाल्या मंडळींना हाक मारतेय. ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, सगळ्यात वरचा मजला, समोर उघडी गच्ची, त्यामुळे ऊन भरपूर आणि पाऊसही भरपूर. दोन पांढरे गुलाब आहेत. एक आइसबर्ग, झुपक्यांनी फुलणारा, आणि दुसरा मोठ्या फुलाचा, गच्च पाकळ्यांचा, नाव माहीत नाही, नर्सरीवाला "व्हाइट आहे मॅडम, एक नंबर" एवढंच म्हणाला होता. उन्हाळ्यापर्यंत दोघंही झकास होते. आता झड लागल्यापासून मोठ्या गुलाबाच्या कळ्या चांगल्या टपोऱ्या होतात, पांढरं दिसायला लागतं आणि तिथेच अडकतात. उमलतच नाहीत. बाहेरून तपकिरी, दाबलं तर पिचपिचीत, मग मान टाकतात. आइसबर्ग बाजूलाच आहे, तेवढाच भिजतो, डाग पडतात, फुलं दोन दिवसांत गळतात, पण फुलतो तरी! शेजारचा लालही बरा आहे. मग पांढऱ्यालाच पाऊस सोसत नाही की काय? श्रावण तोंडावर आलाय, सोमवारी शंकराला पांढरं फूल लागतं, सासूबाई रोज सकाळी कळ्या तपासून येतात आणि माझ्याकडे बघतात. लवकर सांगा.

वाशीकर_काकू
+१. आमच्याकडे कुंड्या ग्रिलमध्ये आहेत तरी वाऱ्याने पाऊस थेट आत येतो. वाचतेय.

चहा_बिस्किट
श्रावणात गुलाबाच्या मागे कशाला लागायचं म्हणतो मी? तगर लावा, अनंत लावा, सोनटक्का लावा. ही पाऊस पडला की खूश होणारी पांढरी फुलं, वर वास फुकट. शंकराने गुलाबाचा हट्ट धरल्याचं ऐकिवात नाही.

गच्चीवरची
तगर आहे हो, देवाचं भागतंय. हट्ट माझा आहे.

काटेरी_नेरूळ
तुमच्या मोठ्या गुलाबाला जे झालंय त्याला गुलाबवाले बॉलिंग म्हणतात, क्रिकेटशी संबंध नाही. होतं असं की कळी उमलायच्या बेतात असते तेव्हा बाहेरच्या पाकळ्या पावसात चिंब होतात, मग तासाभराची उघडीप येते, आपल्याकडचं ते चटका देणारं ऊन पडतं आणि त्या ओल्या पाकळ्या एकमेकींना चिकटूनच वाळतात. त्यांचं कडक कवच तयार होतं, अगदी पापडासारखं, आणि आतल्या पाकळ्या कितीही जोर लावोत, ते फुटत नाही. आत ओलावा कोंडलेला असतो, तिथे बुरशी शिरते की खेळ खलास.

खात्री करायची असेल तर एक खराब कळी तोडा आणि नखाने सोलून बघा. बाहेरचे दोनतीन थर तपकिरी, एकजीव झालेले, नख घातलं की सालीसकट एकदम निघतात. त्याखाली बऱ्याचदा पाकळ्या अजून स्वच्छ पांढऱ्या असतात, घट्ट गुंडाळलेल्या, थोड्या ओलसर. उशीर झाला असेल तर देठाच्या बाजूने करडी लव दिसेल आणि कुजका वास येईल. म्हणजे कळी आतून वाईट नव्हती, तिला बाहेर पडता आलं नाही एवढंच. वेळेत लक्षात आलं तर कळी झाडावर असतानाच बाहेरचं कवच हलक्या हाताने काढायचं, पुष्कळदा राहिलेलं फूल उमलतं. जबरदस्ती मात्र करू नका, आतल्या पाकळ्या फाटतात आणि मग ते फूल बघवत नाही.

आता पांढऱ्यालाच का. खरं तर रंगाचा दोष कमी आणि पाकळ्यांचा जास्त. पाकळ्या जितक्या जास्त आणि जितक्या पातळ, तितकं फूल उमलायला वेळ घेतं आणि तितकं पावसात सापडतं. आइसबर्गला साधारण २५-३० पाकळ्या, त्यातही सैल रचना, एकदा निघाला की झपकन उघडा होतो, पाणी निथळतं, वारा लागतो. तुमच्या लालच्या पाकळ्या थोड्या जाड असणार. आणि डाग काय लालवरही पडतात, पण लाल रंगात खपून जातात, पांढऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा डाग लांबून दिसतो.

बिनधास्त_माळी
बरोबर. त्यात भर घालतो. आइसबर्ग काही उगाच जगभर लावत नाहीत. १९५८ सालचा, जर्मनीतल्या राइमर कोर्डेसने काढलेला, एका बाजूने रॉबिन हूड नावाचा झुपकेवाला आणि दुसऱ्या बाजूने व्हर्गो नावाचा मोठ्या फुलाचा पांढरा. म्हणजे रंग व्हर्गोचा आणि भरभरून फुलायची खोड दुसऱ्याची. १९८३ मध्ये जागतिक गुलाब संघटनेने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. फूल म्हणून बघाल तर तसं साधंच आहे, वास जेमतेम, प्रदर्शनात कोणी त्याच्यासमोर थांबणार नाही. पण एक फूल भिजून गळालं तर बाजूला दहा कळ्या रांगेत उभ्या असतात, पावसाळ्यात हाच हिशोब कामाला येतो.

मोठ्या फुलाचा पांढराच हवा असेल तर पास्काली शोधा. बेल्जियमच्या लुई लेन्सचा, १९६३ सालचा. मोठ्या पांढऱ्यांमध्ये पावसाला त्यातल्या त्यात दाद न देणारा म्हणून त्याचं नाव आहे, हाही हॉल ऑफ फेममध्ये, १९९१. फूल फार अवाढव्य नाही, पाकळ्या जरा मजबूत. आणि आपल्या देशातला हवा असेल तर 'डॉ. होमी भाभा' नावाचा पांढरा गुलाब आहे, डॉ. बी. पी. पाल यांनी काढलेला. पाल म्हणजे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, आयसीएआरचे (भारतीय कृषी संशोधन परिषदेचे) पहिले महासंचालक, आणि गुलाबाचं वेड असं की स्वतः कितीतरी जाती काढल्या. खाडीच्या या बाजूला राहणाऱ्यांनी तरी हा लावायला हवा, समोर ट्रॉम्बेला बीएआरसी, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्र दिसतं.

गच्च पाकळ्यांचे ते इंग्लिश गुलाब फोटोत बघून कोणी मागवत असेल तर आधी विचार करा. विंचेस्टर कॅथेड्रल वगैरे. डिसेंबरात स्वर्ग, जुलैत लगदा.

टीव्हीसमोर_बसलेला
नावं ठीक आहेत हो पण मिळतात कुठे? आपल्याकडे रस्त्याकडेच्या नर्सरीत सगळे पांढरे आइसबर्ग असतात आणि सगळे लाल 'डच'. एकाने मला तोच गुलाब दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळ्या नावांनी विकायचा प्रयत्न केला.

बिनधास्त_माळी
खरंय. म्हणून फूल लागलेलं झाडच घ्यायचं, नावावर जायचं नाही.

मावळचा_भाचा
माझ्या मामाचं तळेगावकडे गुलाबाचं पॉलीहाऊस आहे, तिथे व्हॅलेंटाइनसाठी माल काढतात. लोकांना वाटतं पॉलीहाऊस थंडी-उन्हासाठी असतं. मामा म्हणतो मावळात पॉलीहाऊसचं अर्धं काम पाऊस अडवणं हेच आहे. दादरच्या मार्केटला गेलेल्या पांढऱ्या गुलाबावर एक डाग असला तरी भाव पडतो, त्यामुळे पांढऱ्याच्या ओळींकडे सगळ्यात जास्त लक्ष. पाणीसुद्धा ड्रिपने मुळाशी, पाकळीला थेंब लागू द्यायचा नाही. पण त्याच्या बाजू गुंडाळून वर करता येतात, हवा खेळती राहते, ते महत्त्वाचं. घरी लोक काय करतात, झाडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात! आत वाफ धरते, पाऊस परवडला पण ती वाफ नको.

गच्चीवरची
छत घालायचा विचार केला होता, पण गच्चीवर काहीही उभारलं की सोसायटीचं पत्र येतं. जिन्याच्या दारावर छज्जा आहे, त्याखाली दोनतीन कुंड्या मावतील.

काटेरी_नेरूळ
छज्ज्याखालीच ठेवा, फक्त कडेला नको. कडेला ठेवलं तर पागोळ्या नेमक्या कळ्यांवर पडतात आणि नुसत्या पावसापेक्षा जास्त नुकसान होतं. शिवाय आपला पाऊस वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा छज्ज्याचं तोंड त्या बाजूला असेल तर छज्जा असून नसल्यासारखा. आणि सगळं झाड हलवायची गरज नाही. कळीवर रंग दिसायला लागला की ती कुंडी आत, फुललं की परत बाहेर. ऊन नसेल तर नुसती पानं वाढतील.

अजून सोपं सांगू का? कळीवर अर्धा रंग आला की कापून आणा आणि पाण्यात ठेवा, घरात उमलते. पूजेला घरात उमललेलं फूल चालतं ना?

वाशीकर_काकू
चालतं. न चालायला काय झालं.

लोणचं_मुरलेलं
एवढं सगळं करण्यापेक्षा दर आठवड्याला बुरशीनाशक मारा की. मी मारतो, नाहीतर बेकिंग सोडा, हळदीचं पाणी, ताक, काहीतरी चालू ठेवायचं.

काटेरी_नेरूळ
बॉलिंगला फवारणीचा काडीचा उपयोग नाही, कारण मुळात तो रोगच नाही, बुरशी नंतर येते. पानांवर काळे ठिपके पडायचा जो बुरशीचा रोग आहे, त्यासाठी म्हणत असाल तर वेगळं. त्या बुरशीला पान सलग सातेक तास ओलं लागतं, तेव्हाच ती आत शिरते. म्हणजे इलाज सरळ आहे, पान लवकर वाळलं पाहिजे. कुंड्या एकमेकांना खेटून ठेवू नका, आतल्या बारीक काड्या काढून टाका, खाली पडलेली ठिपक्यांची पानं उचला, कारण पावसाचा थेंब त्यांच्यावर आपटून रोग वरच्या पानांवर उडतो. खालची पानं आधी पिवळी पडतात ती त्यामुळेच. आणि जुलैत सकाळी मारलेलं औषध दुपारच्या सरीत गटारात जातं, त्याचं काय?

लोणचं_मुरलेलं
माझी झाडं ठीक आहेत ब्वा.

आल्स्टरची_अनु
मूळची नौपाड्याची, आता हॅम्बुर्गला. धागा बघून राहवलं नाही कारण कोर्डेसचं गाव इथून जवळ, शहराच्या वायव्येला. आइसबर्ग इथे श्नेविटशेन नावाने मिळतो, अर्ध्या आळीत आहे. फवारणीवरून आठवलं, कोर्डेसने १९९० च्या सुमारास आपल्या चाचणीच्या शेतात बुरशीनाशकं मारणं बंद केलं, जे झाड तग धरेल तेच पुढे न्यायचं. त्यामुळे त्यांच्या नवीन जाती पानांच्या बाबतीत बिचाऱ्या आइसबर्गपेक्षा बऱ्याच पुढे आहेत. आइसबर्गला काळे ठिपके होतात, इथेही होतात.

पावसाचं म्हणाल तर इथला पाऊस वेगळा, रिपरिप, गारठा, दिवसचे दिवस सूर्य नाही. तुमच्याकडे ऊन पडून पाकळ्या चिकटतात, इथे त्या वाळतच नाहीत. मग करडी बुरशी, तिला १५ ते २० अंशांचा गार ओलावा फार आवडतो. निकाल तोच, कळी तपकिरी.

पण मला सांगायचं होतं ते थंडीबद्दल. इथल्या थंडीला टिकणं आणि पावसात फूल टिकणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे मला इथे येऊन कळलं. ब्लां दुब्ल द कुबेर म्हणून एक जुना फ्रेंच पांढरा गुलाब आहे, १८९० च्या दशकातला, रुगोसा जातीतला. झाड असं की उणे पंचवीस-तीसला मरत नाही, खारा वारा सोसतं, पानांना रोग नाही. आणि फूल? एक जोरदार सर आली की टिश्यू पेपरचा बोळा. उलट काही नाजूक झाडांची फुलं पावसात खुशाल उभी असतात पण हिवाळ्यात झाड जमिनीपर्यंत जळतं.

हिवाळ्याआधी आम्ही काय करतो तर कलमाचा जोड वाचवतो. लावतानाच तो जमिनीखाली चार-पाच सेंटीमीटर जाईल असा लावायचा आणि नोव्हेंबरात बुंध्याभोवती माती किंवा कंपोस्टचा वीतभर उंच ढीग करायचा, वरून स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडाच्या) फांद्या. वरच्या काड्या मेल्या तरी ढिगाखालून पुन्हा फुटतं. जोड मेला तर खालचं रानटी झाड वर येतं आणि पुढच्या वर्षी भलतीच फुलं. कुंडीतल्या झाडाचे हाल जास्त, कारण मातीच बाजूंनी गोठते, मग कुंडीला गोणपाट गुंडाळून भिंतीशी सरकवतात. छाटणी मात्र हिवाळ्याआधी कडक करायची नाही. वसंताच्या सुरुवातीला फोर्सिथिया नावाच्या झुडपाला पिवळी फुलं आली की गुलाबाला कात्री लावायची, हा इथला शेजाऱ्यांचा नियम, कॅलेंडर कोणी बघत नाही.

चहा_बिस्किट
उणे तीस! आमच्याकडे १८ ला लोक माकडटोपी काढतात.

मावळचा_भाचा
अनुताईंनी जोड जमिनीखाली म्हटलंय ते वाचून इथे कोणी तसं करू नका हं. आपल्याकडे उलटं, जोड मातीच्या वर बोटभर दिसला पाहिजे. पावसाळ्यात तो ओल्या मातीत गेला की कुजतो.

आल्स्टरची_अनु
हो हो, अगदी. आईकडे ठाण्यात मीच वर काढून दिला होता.

बिनधास्त_माळी
आणि कुंडीच्या पाण्याचंही बोला कोणीतरी. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळपास सगळा चार महिन्यांत. कळ्यांचं दुःख दिसतं, मुळांचं दिसत नाही. कुंडीखालची बशी आजच काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक बुजलंय का ते काडीने बघा. नुसती लाल माती भरली असेल तर ती बसून दगड होते, त्यात वाळू, कोकोपीट, शेणखत काहीतरी हवंच. पावसाळ्यात फांदी टोकापासून काळी पडत खाली येते त्यात मुळं गुदमरल्याचा मोठा वाटा असतो. तशी दिसली तर हिरव्या भागापर्यंत कापायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावायची, कात्री दर वेळी पुसायची.

माझं स्पष्ट मत, मोठ्या फुलाच्या पांढऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये फुलू देऊच नये. कळी वाटाण्याएवढी असताना खुडा. झाडाला पानं आणि मुळं करू द्या. आपला गुलाबाचा हंगाम हिवाळा आहे.

गच्चीवरची
खुडायला हात धजावत नाही. निम्म्या खुडते, निम्म्या छज्ज्याखाली. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

गच्चीवरची
धागा वर काढतेय, डिसेंबर उजाडला. ऑक्टोबरात पाऊस पूर्ण थांबल्यावर दोन्ही झाडं छाटली, खत घातलं, आता फुलांवर आहेत. मोठा गुलाब शेवटी एकदाचा उघडला, तळहाताएवढा! पण नवीन गोंधळ. सकाळी १६ अंश दाखवतंय आणि आइसबर्गच्या कळ्या गुलाबी दिसतायत. पांढरा म्हणून घेतलेला गुलाब गुलाबी कसा होईल? आणि मोठ्याच्या एका फुलावर बारीक लालसर ठिपके आहेत. दोन्ही फोटो टाकलेत.

टीव्हीसमोर_बसलेला
नर्सरीवाल्याने गंडवलं.

काटेरी_नेरूळ
नाही गंडवलं. आइसबर्ग गार रात्रीत हेच करतो. पाकळीत लाल-गुलाबी रंगद्रव्य तयार करायची थोडी क्षमता असते, थंडीत ती वर येते, कळीच्या बाहेरच्या बाजूला झाक दिसते आणि फूल पूर्ण उमललं की बहुतेक निघून जाते. मला तर तसाच जास्त आवडतो. मार्चात एकही गुलाबी कळी दिसणार नाही. हेच बदलापूर-कर्जतकडे रात्री अजून गार असतात, तिथे झाक जास्त गडद येते.

ठिपके वेगळे. फोटो मोठा करून बघितला, गोल, सुटे, पाकळीच्या मध्येच, एकदोघांच्या कडेला रिंगण आहे. ती करडी बुरशी, दवामुळे. सकाळपर्यंत पाकळीवर दव बसून राहतं, त्यात होतं. झाडाला धोका नाही, पण ते फूल आणि जवळची सुकलेली फुलं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. संध्याकाळी वरून पाणी घालत असाल तर ते सकाळी मुळाशी घाला.

बिनधास्त_माळी
तिसरीही एक शक्यता असते, इथे नाही पण सांगून ठेवतो. विंचेस्टर कॅथेड्रल हा मेरी रोझ नावाच्या गुलाबी गुलाबाच्या फांदीवर अचानक निघालेला पांढरा, १९८८ चा. त्याच्यावर अधूनमधून अख्खं फूल किंवा अर्धी पाकळी गुलाबी येते, झाड जुन्या वळणावर जातं. तशी फांदी वारंवार आली तर कापायची.

आणि आता भुरीकडे लक्ष ठेवा. कोवळ्या पानांवर, कळीच्या मानेवर पांढरी पावडर. तिला काळ्या ठिपक्यांसारखं ओलं पान लागत नाही, कोरडे दिवस आणि गार रात्री तिला पुरतात. फेब्रुवारीनंतर पांढऱ्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या तर पावसाला शिव्या घालू नका, पाऊस नसतोच, ते फुलकिडे. फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळट किडे पळताना दिसतील.

गच्चीवरची
झटकलं आत्ताच. सध्या फक्त एक मुंगी. आणि मोठ्याचं नाव कोणी ओळखेल का फोटोवरून? मध्यभागी किंचित क्रीम आहे, वास हलका.

बिनधास्त_माळी
फोटोवरून पांढऱ्याचं नाव सांगेन म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पास्काली नाही एवढं सांगतो, पाकळ्या फार आहेत.

वाशीकर_काकू
मग आता घ्यायला चांगली वेळ आहे का? पास्काली किंवा ते भाभा.

मावळचा_भाचा
हीच वेळ. फूल बघून घ्या, जोडाच्या खालून फुटलेली फांदी नसेल असं घ्या, आणि पिशवीतली माती खडखडीत किंवा चिखल दोन्ही नको. आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, आठवडाभर घरच्या हवेला रुळू द्या.

वाशीकर_काकू
रविवारी सकाळी खारघरच्या बाजूला जाऊन बघते. नेरूळ-वाशीचं कोणी येणार असेल तर गाडीत दोघांची जागा आहे, कुंड्या डिकीत.

काटेरी_नेरूळ
मी येतो. कात्री आणि वर्तमानपत्र घेऊन येतो, डिकी खराब व्हायला नको.